नऊ पिसं, दहा रांगा

१

शनिवारी सकाळी साडेनऊला रेंजर मॅडमनी टेबलावर लाल फडक्याचं बासन सोडलं आणि आतून निघाली पंचवीस वर्षांपूर्वीची टपालाची आवक-जावक वही.

मी समोरच उभा होतो. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला होती. आदल्या संध्याकाळी ते बासन मीच कपाटात ठेवलं होतं आणि आत्ता मीच बाहेर काढलं होतं.

"भाऊसाहेब," मॅडम म्हणाल्या, "ढोलीची वही कुठे आहे?"

या वनकचेरीत मी तीस वर्षं लिपिक आहे. एवढ्या वर्षांत माझ्या हातून टाचणीसुद्धा हरवलेली नाही, आणि हे मी ज्याला त्याला सांगत असतो, हीच पंचाईत.

ढोलीची वही म्हणजे काय ते सांगतो. समोरच्या डोंगराच्या उत्तरेकडच्या उतारावर एक्केचाळीस नंबरचं झाड आहे. त्याच्या ढोलीत धनेशाची जोडी घर करते. मादी ढोलीत शिरते आणि स्वतःला आत लिंपून घेते. चोच मावेल एवढी फट ठेवते, आणि पिल्लू मोठं होईपर्यंत नर बाहेरून तिला फळं भरवतो. आत बसल्या बसल्या मादीची पंखांची पिसं गळतात. आमचे म्हातारे पहारेकरी, ज्यांना सगळे बाबा म्हणतात, त्या ढोलीची दहा वर्षं नोंद ठेवत होते. पेन्सिलीने, कारण जंगलातल्या ओलाव्यात शाई फुटते. आणि दर साली झाडाखाली पडलेलं एक पीस ते त्या सालच्या पानात ठेवायचे. वीतभर लांब, काळं, टोकाला पांढरं.

त्या उतारावर दगडाच्या खाणीवाल्यांचा डोळा होता. सोमवारी अकरा वाजता समिती येणार होती. सलग दहा वर्षांचा लेखी पुरावा दाखवला तर उतार राखीव होणार, नाही तर खाणीला जाणार. यंदाही मादी आत बंद होती, त्यामुळे समितीने झाडाजवळ जायचं नाही, फक्त वही तपासायची, असं ठरलं होतं. तारीख एकदा पुढे ढकलून झाली होती. ही शेवटची, असं पत्र शुक्रवारी संध्याकाळच्या टपालाने आलं होतं.

मॅडम खुर्चीत बसल्या. बाई तशी खंबीर आहे, पण त्या वेळी तिचा चेहरा पाहवत नव्हता.

"दोन वर्षं भांडतेय मी या उतारासाठी," त्या म्हणाल्या. "आणि वही फडक्यातून उडून गेली."

"पिसं असली म्हणून वही उडत नसते गं," दारातून आवाज आला. "कोणीतरी उचलून नेली असेल."

त्या होत्या मॅडमच्या सासूबाई.

२

सासूबाईंना आम्ही मावशी म्हणायला लागलो होतो. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात सदतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. गुडघ्यांना विश्रांती म्हणून आठ दिवसांसाठी सुनेकडे आल्या आणि पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातले डबे अक्षरांच्या क्रमाने लावून टाकले. तेव्हापासून मॅडमना मीठ सापडत नव्हतं.

"आई, हे पुस्तक नाही, सरकारी पुरावा आहे," मॅडम म्हणाल्या.

"न परत आलेलं पुस्तक ते न परत आलेलं पुस्तक. भाऊसाहेब, वही शेवटची उघडून कोणी पाहिली?"

"मॅडमनी, गुरुवारी. शुक्रवारी त्या दिवसभर फिरतीवर होत्या. समितीचे कागद काढायचे म्हणून बासन या टेबलावरच होतं. संध्याकाळी मी कपाटात ठेवलं."

"ठेवताना काही वेगळं वाटलं?"

मी नाही म्हणणार होतो. मग आठवलं, आणि आठवल्याचा मला रागच आला.

"सहज गेलं," मी म्हणालो. "पिसांमुळे त्या वहीचं पोट फुगलेलं असायचं. रोज गुडघ्याने ढकलायला लागायचं. शुक्रवारी कसं कोण जाणे, हाताने गेलं. मला वाटलं, चला, आज लवकर सुटलो."

"म्हणजे शुक्रवारी दिवसा बदलली. कोण कोण आलं होतं?"

मी बोटं मोजली. विश्रामगृहातल्या एक नंबरच्या खोलीतला फोटोवाला, जो दहा दिवस ढोलीचं झाड कुठलं ते सांगा म्हणून माझ्या मागे लागला होता. दोन नंबरच्या खोलीतला खाणीवाल्यांचा मोजणीदार, जो नकाशा बघायला आला होता. आठवड्याचा अहवाल द्यायला आलेले बाबा. आणि आमचे वनपाल, पण ते तर रोज तिथेच बसतात.

"आणि तुम्ही," मावशी म्हणाल्या.

"आणि मी," मी म्हणालो. वाईट वाटलं, पण हिशेबाने बरोबर होतं.

दोन्ही खोल्या, सगळ्यांच्या बॅगा, जीपच्या सीटखालची जागा, सगळं पाहून झालं. पाहुण्यांनी कुरकुर न करता पाहू दिलं. रेकॉर्ड रूम मात्र मी कोणाला धुंडाळू दिली नाही.

"तिथून काही जात नाही," मी मावशींना सांगितलं. "दोनशे बारा वह्या आहेत. रोज संध्याकाळी दिवा मालवताना मी पाठींवरून हात फिरवत मोजतो. काल दोनशे बारा. आज ही भानगड कळल्यावर पुन्हा मोजल्या. दोनशे बारा."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

मावशींनी टेबलावरच्या त्या जुन्या आवक-जावक वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काहीतरी बोलता बोलता थांबल्या.

"उकडतंय हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही तुमची खुर्ची रेकॉर्ड रूमच्या दारात का नाही टाकत? तिथे वारा बरा येतो. आज आणि उद्या तिथेच बसा. जेवायलासुद्धा उठू नका, डबा मी पाठवते."

रविवारीही कचेरीत बसायचं म्हटल्यावर मी नाक मुरडलं. पण चोरीचा संशय अंगावर असताना सुट्टी मागायला तोंड लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. मग माझ्या जागी दोन-तीन तास मॅडमना बसवून मावशी मला बरोबर घेऊन विश्रामगृहाकडे निघाल्या.

३

फोटोवाला पायरीवर बसून भिंग पुसत होता.

"दहा वर्षांची दहा पिसं गेली हो," मावशी सुस्कारा टाकत म्हणाल्या.

"कसली पिसं?" तो म्हणाला. "वहीत पिसंपण होती?" मग जरा ओशाळून म्हणाला, "भाऊसाहेब, रागावू नका. झाड मला बुधवारीच सापडलं. नराच्या मागे मागे गेलो. पण जवळ गेलो नाही, समोरच्या कड्यावरून दुर्बिणीने पाहिलं. त्याचं खाणं आणणं बंद पडलं तर मला झोप लागली नसती."

ज्याला झाड सापडलंय त्याने वही कशाला चोरावी, हे मलाही कळलं.

मोजणीदार आत नकाशे गुंडाळत होता. मावशींनी त्यालाही दहा पिसांचं दुःख सांगितलं.

"दहा असोत की शंभर, मावशी, मला काय," तो म्हणाला. "वही नसली तर आमच्या मालकांचं फावतं, हे मी कबूल करतो. पण मी पगारी माणूस. आणि खरं सांगू? इथला दगड काही एवढा खास नाही. मी तसं लिहूनही दिलंय, कोणी वाचत नाही."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्ही एकालाही सरळ प्रश्न का विचारत नाही?"

"प्रश्न विचारला की माणूस जपून बोलतो," मावशी म्हणाल्या. "आपण काहीतरी चुकीचं बोललो की मात्र त्याला राहवत नाही, तो दुरुस्त करतो. ग्रंथालयात कोणी पुस्तक वाचलंय आणि कोणी वाचल्याची थाप मारतोय, ते मी असंच ओळखायची."

बाबांचं घर जंगलाच्या कडेला, वीस मिनिटांवर आहे. मावशींच्या गुडघ्यांमुळे आम्हाला पन्नास लागली. बाबा अंगणात डोक्याला हात लावून बसले होते. त्यांची बायको, म्हणजे काकू, झारीने रोपांना पाणी घालत होत्या. घरामागे रोपंच रोपं. जवळची बोटभर, त्यामागची गुडघाभर, आणि शेवटची चक्क छपराच्या वर गेलेली. प्रत्येक रांगेच्या टोकाला तेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा, त्यावर खिळ्याने काहीतरी कोरलेलं.

"ही कुठली झाडं?" मावशींनी विचारलं.

"ढोलीखालच्या बियांची," काकू म्हणाल्या. "नर फळं आणतो ना, त्याच्या बिया खाली पडतात. उचलून आणते नि लावते. जास्तीची रोपं उघड्या टेकाडावर नेऊन लावते, थोडी इथे ठेवते. मला छंद आहे."

मावशी त्या रांगांमधून सावकाश हिंडून आल्या. चहा घ्यायला आत गेलो तर आरसा पाहून त्यांनी केस सारखे केले. आरशामागे एक काळं पीस खोचलेलं होतं. मला वाटलं, घरात बाईमाणूस असलं की असं काहीतरी खोचलेलं असतंच.

"दहा पिसं गेली हो बाबा, दहा वर्षांची," मावशी म्हणाल्या.

"नऊ," बाबा म्हणाले, आणि लगेच कपात तोंड घातलं.

मी चमकलो. वर्षाला एक असंच मी आजवर ऐकत आलो होतो. बाबांनी मान वर केलीच नाही.

"ती वही मिळायला पाहिजे," ते कप खाली ठेवून म्हणाले. "मला दुसरं काय येतं? नोकरीतले शेवटचे दिवस माझे. तो उतार राहिला तर मी काहीतरी केलं असं होईल."

परतताना मावशी बोटांवर काहीतरी मोजत चालल्या होत्या. मी अंदाज केला की त्यांचा बाबांवर संशय आहे.

४

रविवारी सकाळी मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. वनपाल आले. सुट्टी असून आले. टापटिपीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला निळं पेन. पण त्या दिवशी दाढी राहिली होती.

"भाऊसाहेब, तुम्ही जरा घरी जाऊन या. मी बसतो," ते म्हणाले.

"मला उठायची परवानगी नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात मावशी डबा घेऊन आल्या, मागून मॅडम.

"बरं झालं भेटलात," मावशी वनपालांना म्हणाल्या. "मी सुनेला म्हणत होते, वही निदान नवीन करता येईल, पण ती दहा पिसं कुठून आणायची?"

"नऊच होती," वनपाल म्हणाले.

वनपालांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा रेकॉर्ड रूमच्या दाराकडे, आणि बाकावर बसले.

"भाऊसाहेबांना विचारलं तर ते दहा म्हणतात," मावशी म्हणाल्या. "सुनेलाही दहाच वाटत होती, कारण तिने नोंदी वाचल्या, पिसं मोजली नाहीत. एका सालच्या पानात पीस नाही हे दोघांनाच माहीत. ज्याने ते ठेवलं नाही तो, आणि ज्याने त्याच्याऐवजी ते पान भरलं तो. बाबांनी ठेवलं नाही. मग पान कोणी भरलं?"

"आई, पण वही?" मॅडमना धीर निघत नव्हता.

"वही इथेच आहे. कालच कळलं मला. भाऊसाहेब, ती टपालाची जुनी वही कुठली?"

"रेकॉर्ड रूममधली," मी म्हणालो.

"ती शुक्रवारपासून बासनात, म्हणजे रेकॉर्ड रूमच्या बाहेर. तरी तुमच्या वह्या दोनशे बाराच?"

मी कपाळाला हात लावला. एक बाहेर गेली तर दोनशे अकरा भरायला हव्यात. मी सलग दोन दिवस चोरीची वही स्वतःच्या हाताने मोजत होतो.

"तुम्ही पाठींवरून हात फिरवून मोजता, हे माहीत असलेल्या माणसाने रिकामी जागा भरून ठेवली," मावशी म्हणाल्या. "शत्रूने वही जाळली असती. याने जपून ठेवली. का ठेवली ते कळेपर्यंत ती हलू नये म्हणून तुम्हाला दारात बसवलं."

मी आत गेलो. तिसरी फळी, टपालाच्या वह्या, त्या जुन्या वहीची जागा, डावीकडून सातवी. पाठ इतरांसारखीच तपकिरी, पण ओढताना शेजारच्या दोघी बरोबर आल्या, इतकी ती फुगून अडकली होती. हातात घेतल्यावर पांढरं टोक बाहेर डोकावलं. मला रडूच यायचं बाकी होतं, आणि आलं असतं तरी मी नाकारलं नसतं.

वनपाल खालमानेने बोलले.

"सहाव्या साली बाबांचा पाय मोडला. मीच पाठीवर घेऊन डोंगर उतरलो. तीन महिने ते तालुक्याच्या दवाखान्यात. झाडाकडे जायची जबाबदारी माझ्यावर आली, आणि त्या साली वणव्यांनी मला श्वास घेऊ दिला नाही. एकदाही गेलो नाही. बाबा परत आले तेव्हा पान कोरं. त्यांची सलग नोंद माझ्यामुळे तुटणार, ते मला बघवेना. मागच्या सालावरून बेताने तारखा लिहिल्या. बाबांनी पाहिलं आणि गप्प राहिले. आता समितीने हजेरीपट मागवला. गुरुवारी भाऊसाहेबांना तो शोधून मीच दिला. त्यात बाबा दवाखान्यात आणि वहीत बाबा झाडाखाली. खोटं पकडलं जाणार, आणि ठपका बाबांवर येणार. वाटलं, वही दिसली नाही तर तारीख पुढे जाईल, तोवर काही सुचेल. संध्याकाळी ते शेवटच्या तारखेचं पत्र आलं. शनिवारी गुपचूप परत ठेवणार होतो, तर हे दारात."

मॅडमनी सहाव्या सालचं पान उघडलं. सगळी वही पेन्सिलीची, हे एकच पान निळ्या शाईचं. गुरुवारी त्यांना ते ओझरतं दिसलं होतं, पेन्सिल तुटली असेल असं वाटलं होतं.

"हे मी समितीपुढे ठेवू शकत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "नऊ वर्षं धरतील आणि उतार जाईल."

एवढी वही सापडून उपयोग शून्य. मी मावशींकडे पाहिलं, तर त्या डबा उघडत होत्या.

"आधी जेवा," त्या म्हणाल्या. "मग बाबांकडे जाऊ. माझ्यासाठी जीप काढा, गुडघे बोलायला लागलेत. पिसं नऊ असली तरी काकूंच्या अंगणात रांगा दहा आहेत."

५

सहावी रांग माणसाच्या खांद्याएवढी होती. मावशींनी वाकून पत्रा पुसला. खिळ्याने कोरलेलं स्पष्ट वाचता येत होतं. झाडाचा नंबर एक्केचाळीस, साल, बिया उचलल्याच्या चार तारखा, आणि शेवटी एका ओळीत, आज ढोली फुटली, पिल्लू बाहेर.

"तुम्ही त्या साली जात होतात?" मॅडमनी विचारलं.

"दर आठवड्याला," काकू म्हणाल्या. "दवाखान्यात यांना डबा देऊन आले की जायची. दहाही वर्षं जाते."

मॅडम बाबांकडे वळल्या. "आणि तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं," बाबा म्हणाले. "हिने सांगितलं होतं, पिल्लू बरं निघालं म्हणून. पण नोंद करायची ती खात्याच्या माणसाने. बायकोने बघितलेलं वहीत कसं धरायचं?"

काकूंनी झारी खाली ठेवली.

"मला कोणी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. रागावून नाही, नुसतं सांगितल्यासारखं. मग आत गेल्या आणि आरशामागचं पीस घेऊन आल्या. "हे पण त्याच सालचं. हे घरी नव्हते, म्हणून मी ठेवलं. यांच्या वहीला हात कशाला लावायचा म्हटलं."

बाबा बराच वेळ त्या पिसाकडे पाहत बसले. सहा पावलांवर उभी असलेली ती रांग त्यांना चार वर्षं दिसली नव्हती.

६

सोमवारी आलेल्या समितीत पक्ष्यांच्या जाणकार बाई होत्या, चष्मा कपाळावर ठेवून वाचणाऱ्या. मॅडमनी काही झाकलं नाही. वनपालांनी त्यांच्यादेखत निळ्या नोंदीवर आडवी रेघ मारली, खाली सही केली आणि खरं काय ते लिहिलं. त्यांच्यावर चौकशी बसली. पुढे एक पगारवाढ गेली. ते म्हणाले, चार वर्षांनी पहिल्यांदा नीट झोपलो.

जाणकार बाई काकूंच्या अंगणात दोन तास होत्या. एकेका रोपाचं पान चुरगाळून वास घेत होत्या.

"यातली निम्मी झाडं त्या उतारावर उगवतच नाहीत," शेवटी त्या म्हणाल्या. "पलीकडच्या दरीतून कोणीतरी फळं आणून तिथेच टाकल्याशिवाय या बिया तिथे मिळायच्या नाहीत. आणि पीस मादीचंच, गळलेलं. मला पुरावा पुरेसा आहे. फक्त नोंद कोणाची ते नीट लिहा."

मोजणीदाराने दगड खास नसल्याचं पत्र न मागता समितीला दिलं. या वेळी ते वाचलं गेलं. आठ दिवसांनी उतार राखीव झाल्याचा हुकूम आला. मीच तो आवक वहीत चढवला, आणि माझं अक्षर इतकं चांगलं कधी आलं नव्हतं.

त्या सोमवारी संध्याकाळीच काकू कचेरीत आल्या होत्या. पहिल्यांदाच आल्या होत्या, चपला बाहेर काढून. मी त्यांना माझी खुर्ची दिली. त्यांनी पत्र्यावरच्या तारखा पेन्सिलीने सहाव्या पानावर उतरवल्या, खिळ्याने कोरावं तशा दाबून दाबून. 'निरीक्षण कोणी केले' या रकान्याशी थांबून त्यांनी बाबांकडे पाहिलं.

"तुझंच नाव लिही," बाबा म्हणाले. "बाकीच्या नऊ पानांवरही माझ्या शेजारी जागा आहे."

काकूंनी दहाही पानांवर नाव लिहिलं. पीस सहाव्या पानात ठेवून वही मिटली. मी बासन बांधलं, कपाटापाशी नेलं आणि ढकललं. जाईना. गुडघा लावला, तरी जाईना.

मावशी हसल्या. मी शेजारची हजेरीपटांची चळत काढून जमिनीवर ठेवली आणि वहीला जागा करून दिली.